खांदेकऱ्यांचा शिमगा

शेषेरावला खांदेकरी मंडळात कशासाठी जायचं होतं, ते त्यानं तोंडानं कधी कुणाला सांगितलं नाही.

निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, आणि शेवटाला आलेल्या राज्याला चार पोरं एकत्र दिसली की धाप लागायची. नांदेडात तालमीला परवानगी लागायची, मेळ्याला लागायची, व्याख्यानाचं तर नावच काढू नका. परवानगी लागत नव्हती ती फक्त मढ्याला. मेलेल्या माणसामागं गाव लोटलं तरी पोलिसांचे अमीनसाहेब शिपाई पाठवून रस्ता मोकळा करून देत. हे पहिल्यांदा ध्यानात आलं अमृतरावच्या. लातूरकडून आलेला, कापडाच्या दुकानात गज मारणारा उंच, देखणा माणूस. त्यानं आळीआळीतली पोरं जमवली आणि खांदेकरी मंडळ काढलं. कुणाच्या घरी गमी झाली की मंडळ हजर. बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, सगळं सोबत. रडणाऱ्यानं फक्त रडायचं, बाकी मंडळ बघून घेई.

हळूहळू मंडळाचा दबदबा वाढला. मंडळातल्या पोराच्या अंगाला बाजारात कुणी हात लावत नसे. मुकादम त्याला शिवी देण्याआधी आवंढा गिळी. लेक द्यायला निघालेला बाप आधी विचारी, "पोरगा खांदेकऱ्यातला हाय का?" आणि हाय म्हटलं की हुंड्याचं बोलणं मऊ होई.

शेषेरावला यातलं काहीच नको होतं. हदगावकडचा शेतकऱ्याचा पोरगा, नांदेडच्या जिनिंगात सिद्रामप्पा मालकाच्या हाताखाली रुईचे गठ्ठे बांधायचा. त्याच्या डोळ्यांपुढून एकच चित्र हलत नव्हतं. बाप लातूरच्या गंजात तूर विकायला घेऊन गेला होता, सोबत माय आणि हा, मिसरूडसुद्धा न फुटलेला. तिथं बापाला पटकी झाली. पोत्यावर आडवा झाला तो उठलाच नाही. गंजातली माणसं नाकाला धोतराचा सोगा लावून लांबून बघत राहिली. शेवटी मायलेकरांनी बापाला तुरीच्याच गाडीत घातलं, मायनं कासरा धरला, आणि गाडी कुरकुरत मसणात गेली. मागं एक माणूस नाही.

तेव्हापासून धोंडाबाईचं, म्हणजे त्याच्या मायचं, एकच बोलणं. जेवताना, दळताना, तापात बरळताना. "शेष्या, मला गाडीत घालू नको बरं. चार खांदे बघून ठेव. गाडीतून काय, भुसा नेतेत."

म्हणून मंडळ.

मंडळात शिरायची एक रीत होती. धुळवडीच्या दिवशी नव्या गड्यानं मढं होऊन तिरडीवर निजायचं. चौकातून, विसाव्याच्या ओट्यावरून, थेट गोदावरीच्या घाटापर्यंत. हलायचं नाही, हसायचं नाही, डोळा उघडायचा नाही. घाटावर पाण्यात फेकलं की जिवंत झाला, भाऊ झाला. मधेच उठला तो जन्माचा बाहेर, आणि त्याच्या घरच्या गमीला मंडळातलं कुत्रंही जाणार नाही.

त्या वर्षी अमीनसाहेबांनी धुळवडीची मिरवणूकच बंद केलेली. मग पोरांनी ठरवलं, सोंग असं वठवायचं की शिपायानंसुद्धा टोपी काढावी.

"खाजलं तर?" तिरडीवर आडवं होता होता शेषेरावनं विचारलं.

"मढ्याला खाजतंय का?" अमृतराव सुतळी आवळत म्हणाला.

"शिंक आली तर?"

"तर आम्ही समदे हवालातीत. अन् तू बाहेर."

"शिंकायचं असंल तर आत्ताच शिंकून घे बापा," मन्मथ म्हणाला. मन्मथ म्हणजे मंडळाचा विदूषक. रडायचं काम त्याच्याकडं होतं. "अन् एकडाव बायकोचं नाव घे. बायको न्हाई? मंग मायचं घे."

"माय शिमगा झाल्यावर येणार हाय," शेषेराव म्हणाला. "आता इथंच ऱ्हाणार माझ्यापशी. गावचं घर भावकीला देऊन टाकलं."

"येऊ दे की. तवर तू भाऊ झालास." अमृतरावनं त्याच्या तोंडावर पांढरं फडकं ओढलं. पाय तेवढे बाहेर राहिले. मढ्याचे राहतात तसेच.

निघाली तिरडी. पुढं मडकं, मागं "राम बोला भाई राम". मिटल्या डोळ्यांनी शेषेराव रस्ता ऐकत होता. खिडक्या उघडत होत्या. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, ते फसफसणं त्याला कळत होतं. गावाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एका शिपायाला.

चौकात तिरडी थांबली.

"कौन गुजरा?" जाड आवाज.

"गरीब हाय साहेब. जिनिंगातला."

"मुंह दिखाओ."

मन्मथनं गळा काढला. पण इतका वाईट काढला की मागच्या कुणाला तरी हसू फुटलं, आणि ते दाबायला दुसरा खोकला. शिपाई म्हणाला, "ये कैसा रोना है?" शेषेरावला फडक्याच्या टोकाला लागलेली बोटं जाणवली. संपलं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात लांबून आवाज आला.

"आरं थांबाऽ! कुणाचे पाय हायत ते? ती करंगळीऽ..."

शेषेरावच्या डाव्या पायाची करंगळी ज्वारी काढताना विळ्यानं गेली होती. ती जखम बांधणारी बाई कापसाच्या गाडीला जागा मिळाली म्हणून आजच नांदेडात उतरली होती, गाठोडं काखेत धरून.

"शेष्याऽ! आरं माझ्या शेष्याऽऽ! आता माझं कोण रंऽ!"

असं रडणं त्या चौकानं ऐकलं नव्हतं. फडक्यावरची बोटं निघून गेली. शिपायाचा आवाज एकदम खाली आला. "जाने दो. माँ है उसकी."

आणि मागून कुजबूज सुरू झाली. शेषेरावला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"कुठून आणली रे ही बाई?"

"नाटक कंपनीतली असंल. काय आवाज हाय!"

"मन्मथ्या, तुझी सुट्टी. पुढच्या सालाला बी हिलाच बोलवा."

तिरडी हलली. कानाशी अमृतरावचा श्वास आला. "शेष्या, ही खरीच तुझी माय हाय का रे? असंल तर हालू नको. शिपाई संगं चालून राहिला. घाट आलाच. तिथं सांगू तिला, हसंल ती बी."

हसेल. शेषेरावनं ते धरून ठेवलं. उठलो तर काय? ही सगळी पोरं आत, मी बाहेर, आणि उद्या ही गेली की पुन्हा गाडी. तिच्यासाठीच तर निजलोय. थोडी कळ काढ माय. थोडी.

विसाव्याच्या ओट्यावर तिरडी टेकली. इथं मढं घटकाभर ठेवायची रीत, आणि रीत मोडली तर शिपायाला संशय आला असता. धोंडाबाई अंगावर येऊन पडली. फडकं सरकलं. तिचे हात गालावर, गळ्यावर, छातीवर फिरले आणि थांबले.

"ऊब हाय," ती म्हणाली. मग ओरडली, "ऊब हाय रेऽ! जित्ता हाय माझा लेक! आरं वैद्याला बोलवा कुणीऽ! जित्त्याला जाळू नका रं बाबांनो, पाया पडते तुमच्या!"

चहूकडून फसफसणं आलं. कुणी तर टाळी मारली आणि लगेच हात मागं घेतला.

"माय, समद्याच मायांना असं वाटतंय," अमृतराव म्हणाला. इतका हळवा आवाज त्यानं खऱ्या गमीतसुद्धा कधी काढला नव्हता.

"सबर करो अम्मा," शिपाई म्हणाला. त्याचा आवाज मात्र खराच भरून आला होता. "धूप की गर्मी है. धूप में रखा तो बदन गरम लगता है. आओ, मेरा हाथ पकडो."

धोंडाबाईनं हात झिडकारला. ती वाकली. तोंड लेकाच्या कानाला लावलं, आणि एकदम शांत आवाजात बोलली. लहानपणी ताप आला की बोलायची तशी.

"शेष्या, ह्यांना काय कळत न्हाई. तू नुसती पापणी हालव. मला दिसंल. म्या कुणाला सांगत न्हाई."

तिच्या डोळ्यातलं पाणी त्याच्या पापणीवर पडलं. गरम. पापणी आपल्या आपण फडफडायला निघाली. शेषेरावनं जीभ दाढेखाली धरली आणि रक्ताची चव येईपर्यंत चावली.

पापणी हलली नाही.

"न्हाई?" धोंडाबाईनं विचारलं.

"उचला," अमृतराव म्हणाला.

बायकांनी मसणात जायचं नसतं. शिपायानं धोंडाबाईला ओट्यापाशीच धरून ठेवलं. घाटावर पोरांनी शेषेरावला गोदावरीत फेकलं, वर काढलं, रंगानं माखलं. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. इतकी माणसं आपल्याला मिठी मारताहेत, हे त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं.

"माय..." तो म्हणाला.

"अरे, मायनंच तर वाचवलं आज!" मन्मथनं त्याला खांद्यावर उचललं. "बोला, धोंडाबाई की जय!"

"जय!" सगळा घाट ओरडला.

भाऊ झालेला शेषेराव ओल्या, लाल अंगानं विसाव्यावर गेला. माय तिथं नव्हती. शेजारणीनं तिला खोलीवर आणून बसवलं होतं. दारात गाठोडं, गाठोड्यावर माय. शेषेराव पुढं उभा राहिला. ती उठली, त्याच्या नाकाखाली तळहात धरला, आणि श्वास येतोय का ते बघितलं.

"जित्ता हायस."

"हाव माय. शिमगा व्हता. खेळ व्हता."

"म्या म्हणले, पापणी हालव."

"रीत हाय माय तशी. तुह्यासाठीच..."

"हाव," धोंडाबाई म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली. जायला तिला दुसरीकडं घर कुठं होतं?

त्यानंतर शेषेरावचं सगळं नीट झालं. मंडळाच्या शब्दाखातर सिद्रामप्पांनी त्याला गठ्ठ्यांवरून वजनाच्या काट्यावर घेतलं. मंडळातल्या एकाच्या नात्यातली तारामती त्याला करून दिली, लग्नाचा मांडव पोरांनीच घातला. राज्य बुडताना गावात धामधुमीचे दिवस आले तेव्हा रात्रपाळीनं भाऊच त्याच्या आळीत राखणीला बसले. पुढच्या शिमग्यांना नव्या गड्यांच्या अंगावर सुतळी शेषेरावच आवळू लागला. त्याच्यासारखी गाठ कुणाची नव्हती.

धोंडाबाई दळायची, भाकरी करायची, सुनेशी बरी वागायची. फक्त रोज पहाट फुटली की ती लेकाच्या अंथरुणापाशी यायची आणि त्याच्या नाकाखाली तळहात धरायची. शेषेराव जागा असे. डोळे मिटून पडे. ती जाईपर्यंत उघडत नसे.

"जागे तर असता," तारामती एकदा म्हणाली. "मंग बोलत कामून न्हाई मायशी?"

"काय बोलू?"

तारामती चूल फुंकायला उठली. आणि विषय तिथंच राहिला.

एका पावसाळ्यात धोंडाबाईनं अंथरूण धरलं. एके सकाळी तिनं लेकाला जवळ बोलावलं.

"शेष्या, मला गाडीत घाल."

"माय, काय बोलून राहिली? मंडळ हाय की. चार काय, चाळीस खांदे..."

"तुह्या भावांचा खांदा नको मला. गाडीत घाल. तूच कासरा धर." तिनं त्याचं मनगट धरलं. "घालशील?"

"हाव," शेषेराव म्हणाला.

दोन दिवसांनी, सकाळीच, ती गेली. शेषेराव कुणाला न सांगता जिनिंगात गेला आणि सिद्रामप्पांच्या पाया पडून गाडी मागून घेतली. गाडीवान बैल जुंपून सोबत आला. आळीच्या तोंडाशी येतो तर दारात गर्दी. तिरडी बांधून तयार. बायकांनी धोंडाबाईला न्हाऊ घालून वर निजवलेलं, आणि मन्मथ शेवटची गाठ मारत होता. मंडळाला निरोप कधी धाडावा लागतच नसे.

"गाडी?" अमृतरावनं विचारलं.

"तिनं सांगितलं व्हतं..."

"काय?"

"गाडीतून न्यायला."

मन्मथ हसला. "गाडीतून? भुसा हाय का ती?"

अमृतराव जवळ आला, शेषेरावच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हातारं माणूस शेवटाला कायबी बोलतं. खांदेकऱ्याच्या मायला खांदा न्हाई म्हणल्यावर लोक थुंकतील आपल्यावर. तिनं त्या दिवशी आपल्याला वाचवलं शेष्या. आज आपली पाळी."

सगळे भाऊ बघत होते. तारामती उंबऱ्यात उभी होती. "बोला की," ती म्हणाली. "तुमाला सांगितलं व्हतं ना त्यांनी? बोला."

शेषेरावच्या हातात बैलाचा कासरा होता. त्यानं जीभ दाढेखाली धरली.

कुणीतरी त्याच्या हातातून कासरा काढून घेतला आणि त्या जागी विस्तवाचं मडकं दिलं. तिरडी उचलली गेली. "राम बोला भाई राम!" आवाज असा घुमला की खिडक्या उघडल्या. थाटाची मिरवणूक होती. नांदेडात कुण्या मजुराच्या मायला इतके खांदे लागले नव्हते.

मडकं धरणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. शेषेरावनं बघितलं नाही. चौक गेला. विसावा आला, तिरडी टेकली, उचलली. गाडीवानाला मात्र परत जा असं कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा बैल हाकत सगळ्यांच्या मागून येत राहिला. पार घाटापर्यंत, भावांच्या गजराच्या मधल्या मधल्या शांततेत, शेषेरावला रिकाम्या गाडीचं चाक कुरकुरताना ऐकू येत होतं.