कमिटीसाठी पाळलेला दवबिंदू

एका बोटभर झाडावर इतके किस्से साचतील असं वाटलं नव्हतं. पण आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात बॉटनीवाले चहाला जमले की दवबिंदूचा विषय निघतोच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बॉटनीचा डिग्रीचा वर्ग द्यायचा की नाही, हे ठरवायला युनिव्हर्सिटीची कमिटी येणार होती. वर्ग मिळाला नाही तर पोरांना बारावीनंतर मुंबई गाठावी लागणार. बॉटनीच्या पाटणकर सरांनी ठरवलं, कमिटीला किडे खाणारी वनस्पती, म्हणजे हा दवबिंदू, जिवंत दाखवायची!

*

सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळपठारावर, आम्ही सगळे ओणवे होऊन दवबिंदू शोधत होतो. गुरं घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि काही न विचारता आमच्याबरोबर शोधायला लागली. बऱ्याच वेळाने कंबर धरून म्हणाली, "किती तोळ्याचा होता?"

*

झाड कुंडीत आलं. केमिस्ट्रीचे आठल्ये हे आंब्याचे बागायतदार. रोप अशक्त वाटलं म्हणून त्यांनी मायेने मूठभर शेणखत घातलं. रोप गेलं. सरांनी समजावलं, कातळावर पोटाला मिळत नाही म्हणून तर हे किडे धरतं, खत याला सोसत नाही. आठल्ये हळहळले. "म्हणजे मी त्याला खाऊ घालून मारलं."

*

सड्यावरून दुसरं रोप आणलं. सर वर्गात सांगायचे, याचा रस लोक चामखिळीवर लावतात, होमिओपॅथीत डांग्या खोकल्यावर देतात, पण गुणाची खात्री मी देत नाही. हेडक्लार्कनी दाराबाहेरून फक्त चामखिळीपर्यंतचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी कुंडीतली पानं कमी, हेडक्लार्कच्या मानेवर मोठा फोड, आणि चामखीळ जागच्या जागी! तेव्हापासून कुंडी शिपाई सावंतमामांच्या ताब्यात गेली.

*

कमिटी आली ती नेमकी श्रावणी सोमवारी. अध्यक्षांना झाड खाताना बघायचं होतं. सरांनी चिमट्यात मुंगी धरून त्यांच्या हातात दिली. मामा मध्ये आले.

"साहेब, आज नको. सोमवार हाय. मी तेला काय घालीत नाय."

सरांचा चेहरा पडला. गेला वर्ग, असं मला वाटलं. अध्यक्षांनी मामांकडे बघितलं आणि चिमटा खाली ठेवला. "माझाही उपास आहे," म्हणाले.

 तेवढ्यात खिडकीतून एक डास आला, पानावर बसला आणि चिकटला. सगळी कमिटी कुंडीवर वाकली. पानावरचे केस हळूहळू डासावर वळू लागले.

मामांनी कपाळाला हात लावला. "मोडलान उपास."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं आणि मंजुरीचा कागद पुढे ओढला.