बाई उत्तरासाठी थांबायच्या

"वह्या मिटा. आता काल काय झालं ते सांगा."

बाईंचा प्रत्येक तास असाच सुरू व्हायचा. वडूजजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मुख्याध्यापक. प्रश्न विचारला की हाताची घडी घालून गप्प उभ्या राहायच्या. बाहेरून एसटी जाऊन तिचा आवाज विरला तरी गप्पच. अशी चिवट माणसं तुम्हीही पाहिली असतील.

"अहो, सांगून टाका की," मी म्हणायचो.

"सर, आठवायला जोर लावला की मेंदूत पक्कं बसतं. मी सांगितलं तर माझंच पाठ होईल."

मेंदू कसा शिकतो, यावर मिळेल ते त्या मोबाइलवर वाचायच्या. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या. पालक माझ्याकडे यायचे. "आवं सर, बाई शिकवत न्हाईत, नुसतं इचारत्यात."

एकदा तपासणीला साहेब आले. बाईंनी विचारलं, "झाडं श्वास कधी घेतात?" वर्ग शांत. साहेबांनाच ती शांतता सोसेना. "रात्री!" ते म्हणाले.

"साहेब, पोरांना आठवू द्या. आणि झाडं दिवसाही श्वास घेतात."

वर्ग खदखदून हसला. साहेबांनी शेरा लिहिला, 'अध्यापनाचा वेळ वाया जातो.' मी बाईंची बाजू घ्यायला हवी होती. मी त्यांच्याकडून सातवीचा वर्ग काढून स्वतःकडे घेतला.

"बरं सर," त्या म्हणाल्या. "मधूनमधून मागचं विचारत जा तेवढं."

मी उत्तरं लिहून दिली, दिवाळीआधी अभ्यासक्रम संपवला. मागचं एकदाही विचारलं नाही. पुढच्या वर्षी बाई बदली होऊन साताऱ्याकडे गेल्या.

गेल्या वर्षी सांगलीत, विश्रामबागेत, त्या वर्गातली एक मुलगी भेटली. नर्सिंग शिकतेय. म्हणाली, "सर, बाईंनी इचारलेलं अजून ध्यानात हाय. तुमी लिवून दिलेलं परीक्षेपुरतंच व्हतं." बोलून हसली. मीही हसलो.

बाईंना समोर बसून चुकलो म्हणायचं ठरवलं. मग गणपती आले, निवडणुकीचं काम आलं, गुडघा दुखायला लागला. साताऱ्याला पोचलो तेव्हा दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ. बाईंना जाऊन चार महिने झाले होते.

"तुमी तिच्या शाळंतलं व्हय? पोरांचं लय सांगायची."

माझं काही सांगायच्या का, हे विचारायचा धीर झाला नाही. चहा घेऊन उठलो. ते फाटकापर्यंत आले.

"काय काम व्हतं का तिच्याकडं?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."