वर केलेला हात

"कॅटेगरीवाले, हात वर करा."

अमरावतीतल्या क्लासचा पहिला दिवस. दुकानांच्या वर पत्रे टाकून केलेला हॉल. रेल्वे भरतीची बॅच, खचाखच पोरं. सर फळ्यापाशी उभे, हातात मार्कर.

मी हात वर केला. शेजारी निशानं केला. निशा आमच्याच गावची, तिवसा तालुक्यातली, आमच्याच बौद्धपुऱ्यातली. दोघींनी आयटीआय सोबत केलं, दोघींनी मिळून रूम घेतली. त्या दिवशी दोघी लवकर येऊन पहिल्या बाकावर बसलो होतो. बरोबर पंख्याखाली.

सर हसून म्हणाले, "छान. आता हे सगळे हात मागच्या बाकांवर. तुमचं कमी मार्कांत भागते. पुढची जागा ज्यांले जास्त घासा लागते त्यांच्यासाठी. राग नका मानू, सीधा हिशोब आहे."

सर रागात नव्हते. शिवी दिली नाही. जात काढली नाही. असं बोलले जसं चप्पल बाहेर काढा म्हणतात. म्हणूनच कोणी काही बोललं नाही. आम्ही दप्तरं उचलली आणि निघालो. बसलेल्या पोरांनी पाय आवरून वाट दिली, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला देतात तशी. आमच्या जागेवर दोन मुली येऊन बसल्या. एकीनं बाक रुमालानं पुसला. धूळ असेल. मी आजही स्वतःला सांगते, धूळ असेल.

मागं पंखा नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये ते पत्रे असे तापायचे की पेन घसरायचं. फळ्यावरचं लहान अक्षर दिसायचं नाही, मग पुढच्याच्या वहीत डोकावून उतरवायचं. सर प्रश्न विचारायचे तेव्हा बोट पुढच्या चार रांगांवरच फिरायचं. मला उत्तर येत असायचं आणि ते तोंडातच राहायचं. असं रोज.

रूमवर स्टोव्ह पेटवताना मी एकदा म्हटलं, "निशा, उद्या आपण पुढंच बसू. काय करतील?"

"जाऊ दे व," ती म्हणाली. "आपल्याले नोकरी पायजे. बाक नाही."

मी गप्प बसले. गप्प बसायची सवय होती.

परीक्षा झाल्या. पहिली, दुसरी. मग ती मशीनवरची परीक्षा, जिच्यात स्क्रीनवर दिवे पेटतात आणि तुम्ही किती झटकन बटन दाबता ते पाहतात. मग कागदपत्रं. मग डोळे. रेल्वेचे डॉक्टर डोळे असे तपासतात की माणसाला आपलेच डोळे परके वाटतात. रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायचा. चष्मा चालत नाही. लाल म्हणजे लाल, हिरवा म्हणजे हिरवा. दोघी पास झालो.

यादी लागली. सहायक लोको पायलट. शिकाऊ. म्हणजे रेल्वेच्या इंजिनात पायलटच्या शेजारी बसायचं, आणि पुढं कधीतरी त्याच्या जागी. निशाचं नाव एससीच्या यादीत आलं. माझे मार्क खुल्या कट-ऑफच्या वर गेले होते, म्हणून माझं नाव खुल्या यादीत धरलं. पद एक. पगार एक. ट्रेनिंग एक. फक्त पान वेगळं.

बाबा तिवसा-अमरावती रोडवर काळी-पिवळी चालवतात. त्या दिवशी त्यांनी जीपमधल्या प्रत्येक सवारीला पेढा दिला. गावात पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, "कोट्यातून लागली असन." बाबा म्हणाले, "नाही. ओपनमधून." म्हणताना त्यांची मान सरळ झाली. मग ते प्रत्येकाला तेच सांगत सुटले. विचारलं तरी, न विचारलं तरी. ओपन, ओपन. जन्मभर ज्यांच्यापुढे बाबांनी 'हो मालक' केलं त्यांनाही सांगितलं.

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. चांगलंच बरं वाटलं.

निशाची आई संध्याकाळी घरी आली. ती संत्र्याच्या मालात मजुरीला जाते, हाताला कायम सालीचा वास. वाटीत साखर आणली होती माझ्या तोंडात घालायला. बाबा ओट्यावर कोणाला तरी तेच सांगत होते. तिनं ऐकलं. साखर घातली माझ्या तोंडात आणि हळूच म्हणाली, "माह्या पोरीचं कोट्यातून झालं, बाई." पोरगी आजारी आहे हे सांगावं तसं. आवाज खाली घेऊन.

ती साखर तोंडात तशीच विरघळत राहिली. तिची पोरगी त्याच तापल्या पत्र्याखाली बसली होती. तीच गणितं, तोच स्टोव्ह, तोच ठिपक्यांतला आकडा. आणि तिच्या आईला आनंदसुद्धा चोरून करावा लागत होता. तो आवाज तिला खाली कोणी घ्यायला लावला? पानठेल्यावरच्यानं एकट्यानं नाही. माझ्या बापाच्या 'ओपन'नंही लावला. तो शब्द तिच्याच अंगावर पडत होता, आणि मी त्यावर छाती फुगवून बसले होते.

ट्रेनिंगला गेलो. तिथं पहिली गोष्ट शिकवली ती सिग्नल पुकारणं. समोर सिग्नल दिसला की हात वर करून त्याच्याकडे दाखवायचं आणि मोठ्यानं सांगायचं, काय दिसतंय ते. शेजारच्यानंही हात वर करून तेच मोठ्यानं सांगायचं. दोघांनी. दर सिग्नलला. शिकवणारे गृहस्थ इंजिन चालवता चालवता म्हातारे झालेले. ते म्हणाले, "जो दिख रहा है वही बोलो. जो दिखना चाहिए, वो नहीं. और साथी ने दोहराया नहीं, तो फिर बोलो. और जोर से."

पहिल्या दिवशी माझा आवाजच फुटेना. इतकी वर्षं तोंडातच ठेवलेला आवाज तो, बाहेर कसा येणार. ते म्हणाले, "बेटा, इंजन में शरमाओगी तो पीछे हजार आदमी मरेंगे." मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, हात वर करून.

सुट्टीत गावी आलो आणि सरांचा फोन आला. "सत्कार आहे. तू येजो. तुहा खास सत्कार. मंचावर दोन शब्द बोलजो." निशालाही फोन गेला. तिला एवढंच, "आईले घेऊन येजो, जेवण आहे."

माझा धाकटा भाऊ तेव्हा त्याच क्लासला होता. माझ्यामुळे सरांनी त्याची अर्धी फी माफ केली होती. बाबा जीपमध्ये म्हणाले, "माय, जपून बोलजो. पोरगा तिथंच शिकून राहिला."

मंगल कार्यालयाच्या दारात फ्लेक्स. वर मोठमोठे फोटो, त्यांत माझा. कॉम्प्युटरवर मला निळा ब्लेझर घातलेला. मी जन्मात ब्लेझर घातला नाही. नावाखाली लिहिलेलं, 'ओपन मेरिट'. अगदी खाली, बांबू बांधला होता तिथं, तिकिटाएवढ्या फोटोंची रांग. तिच्यात निशा. नावापुढे कंसात एससी. तिची आई फ्लेक्सपुढे उभी राहून पोरीचा फोटो शोधत होती. वाचता येत नाही, म्हणून चेहरे पाहत होती. वरून खाली. निशानं तिचा हात धरला आणि आत नेलं.

मला मंचावर बसवलं. निशा आणि तिची आई तिसऱ्या रांगेत. बाबा पुढं, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

सरांनी माइक घेतला. "आता मी जिला बोलावतोय ती आमच्या क्लासची शान. ही त्या समाजातून आलेली आहे. पण हिनं कोटा घेतला नाही. कुबडी फेकून दिली. ओपनमधून लागली. बाकीच्यांनी हिच्याकडून शिकावं."

टाळ्या. जोरात. पुढच्या रांगा तर उभ्या राहिल्या. शाल, नारळ. सर कानाशी वाकून म्हणाले, "हेच सांग. नवीन बॅचले प्रेरणा भेटन."

मी माइक हातात घेतला. मला मागच्या बाकावर पाठवलं तेव्हा झाला नव्हता एवढा अपमान त्या टाळ्यांनी झाला. तेव्हा निदान आम्ही दोघी होतो. आता मला एकटीला पुढं बोलावलं होतं, आणि किंमत ही की मी वळून माझ्याच माणसांवर थुंकावं. प्रेमानं. शाल पांघरून.

निशा मांडीवरच्या नाश्त्याच्या रिकाम्या डिशकडे पाहत होती.

जो दिख रहा है वही बोलो.

"मी कोणत्या यादीतून लागली ते सरांनी सांगितलं," मी म्हटलं. "मी नाही सांगत. मी सांगतो मी कोठून लागली. पहिल्या दिवशी सर म्हणे, कॅटेगरीवाले हात वर करा. मी केला. मंग सरांनी मले मागच्या बाकावर पाठवलं. मी त्या बाकावरून लागली. ज्यांच्यासंग मले मागं पाठवलं, त्यांच्यातूनच लागली. आज मले त्यांच्यातून काढून वेगळं उभं करू नका."

हॉलमध्ये वर पंखे फिरत होते. पुरेसे पंखे होते तिथं.

"कोटा म्हणजे कुबडी नाही. आमच्या बापजाद्यांचे पाय तोडून जे घेतलं, त्यातलं थोडंसं परत आलेलं आहे. कुबडी म्हणाल तर पाय कोणी तोडले थे बी सांगा लागन. अन् सर, तुमी हात वर कराले लावला होता. खाली कर असं कोणी म्हटलं नाही. म्हणून थो अजून वरच आहे."

मी हात वर केला. शाल खांद्यावरून घसरून खाली पडली. मी उचलली नाही.

एकही टाळी नाही. मग तिसऱ्या रांगेत एक हात वर गेला. निशाचा नाही. तिच्या आईचा. तिला किती समजलं ठाऊक नाही. पण तिनं हात वर केला आणि इकडंतिकडं न पाहता तसाच ठेवला. मागं, दाराजवळ, बसायला जागा नव्हती म्हणून उभी असलेली काही पोरं होती. त्यांतले काही हात वर गेले. पुढच्या रांगांतून एकही नाही. बाबांचाही नाही.

सरांनी माझ्या हातातून माइक घेतला. "पोरगी भावुक झाली," ते हसून म्हणाले. मग माइकवर तळवा ठेवून मला म्हणाले, "भाऊ आहे ना तुहा आपल्याकडं?"

"आहे," मी म्हटलं. "त्याले बी मागंच बसवलं तुमी."

जेवलो नाही. जीप मोझरीपर्यंत आली. मग बाबा म्हणाले, "पोराचं नुकसान केलं तू." ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी भावाला पूर्ण फी मागितली आणि त्याचा क्लास सुटला. तो आता विहारातल्या अभ्यासिकेत बसतो, जुन्या पुस्तकांवर. माझ्याशी धड बोलत नाही. मी त्याची माफी मागितलेली नाही. मागणार नाही.

मागच्या सीटवरून निशानं विचारलं, "माह्यासाठी बोलली का?"

"नाही. माह्यासाठी."

"मंग ठीक," ती म्हणाली. "माह्यासाठी बोलली असती तर मी तुह्याशी बोलली नसती."

तिची आई खिडकीतून बाहेर पाहत होती. हात मांडीवर ठेवले होते, उघडे.

नंतर शिकाऊ म्हणून पॅसेंजरच्या इंजिनात पहिल्यांदा चढले. बडनेऱ्याहून अकोल्याकडे. पायलट वयानं मोठे. माणूस वाईट नाही, चढताना माझी बॅग वर घेतली. मूर्तिजापूर सुटल्यावर त्यांनी विचारलं. सहज. चहा घेतला का विचारावं तसं.

"कोट्यातली का व पोरी?"

दुसरं उत्तर जिभेवर तयार होतं. खरं उत्तर, कागदावर शिक्क्यासकट असलेलं. एका शब्दात त्यांची नजर बदलली असती. बाबांची मान सरळ झाली होती तशी माझीही झाली असती. आणि उद्या याच सीटवर निशा बसली असती, तेव्हा हाच प्रश्न तिला दुप्पट जड गेला असता.

"हो," मी म्हटलं. "कोट्यातली."

त्यांनी मान वळवून समोर पाहिलं. पुढच्या स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल आला. मी हात वर केला.

"होम सिग्नल, हिरवा."

ते गप्प. मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं.

त्यांनी हात वर केला. "होम सिग्नल, हिरवा."

माझे मार्क आता माझ्या तोंडून कोणाला कळणार नाहीत. लग्नाच्या बोलणीत नाही, ड्युटी लागते त्या लॉबीत नाही, गावच्या पानठेल्यावर नाही. बाबांनाही सांगून टाकलंय, माझ्या नावापुढे तो 'ओपन' शब्द लावायचा नाही. जोवर माझ्या वस्तीतल्या एकाही बाईला पोरीची नोकरी आवाज खाली घेऊन सांगावी लागते, तोवर जो कोणी विचारेल त्याला माझं एकच उत्तर आहे. हो, कोट्यातली. ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगेन. हात वर करून, समोरच्याला दोहरावं लागेपर्यंत.