दहा पेजर, एक हाक

"मावशी, उगाच ताणू नका. सही करा!" इंजिनिअर साहेबांनी पेटंटचा अर्ज माझ्यापुढं सरकवला. एका नंबरावर दहा पेजर वाजवायचा शोध त्यांनी लावला, मी नुसतं टाइप केलं, असं त्यात लिहिलेलं.

"डोकं माझं अन् नाव तुमचं? नाय करणार!"

पेजर बंद पडून जमाना झाला, पण गुलमंडीच्या त्या मेसेज सेंटरातले किस्से अजून डोक्यात वाजत असतात. एक बंद करावा तर दुसरा सुरू! मी चौथी शिकलेली. इंग्रजी की-बोर्ड माझा मीच शिकले, अन् तिथल्या सगळ्या ऑपरेटरांत जलद होते. सांगायला लाजू कशाला?

*

दुष्काळाची सालं. आभाळात ढगाची चिंधी नव्हती, पण निरोप गच्च दाटलेले. लोक फोनवर निरोप सांगायचे, मी टाइप करून पेजरवर धाडायची. हेडफोन लावला की वाटायचं, अख्खं शहर माझ्या कानाशी कुजबुजत तरंगतंय.

एकदा वाळूजचा एक कामगार आला. "माझ्या बायकोचा निरोप दुसऱ्या पेजरांनी ऐकला का हो?"

"सगळ्यांनी ऐकला. पण प्रत्येक पेजर आपला नंबर ओळखतो. जागा झाला तो तुमचा एकटाच!"

गडी लाजून लाल. "तरीबी तिला सांगा, लाडाचं नाव घालू नको!"

*

शहर वाढत होतं, नळ कोरडे. दहा टँकरवाल्यांकडं आमचे पेजर होते. 'फुलंब्री रोडच्या विहिरीला पाणी आहे' हा एकच निरोप मला दहादा टाइप करावा लागायचा. दहाव्याला मिळेपर्यंत पहिल्यानं विहीर उपसलेली! मी इंजिनिअर साहेबांना म्हटलं, "प्रत्येक पेजरात त्याच्या नंबराशेजारी दहांचा एक सामायिक नंबर घाला."

साहेब हसले. "मावशी, असं होत नसतं."

आठवड्यानं मुकाट घातला.

पहिल्याच निरोपाला टपरीवरचे दहाही ड्रायव्हर चहा टाकून एकदम उठले. चहावाला गल्ला सोडून मागच्या दारानं पळाला. "पोलिस आई क्या, भाई?"

*

तर तो अर्ज. मॅनेजर म्हणाले, "सही नसेल, तर उद्यापासून येऊ नका." म्हणजे खुर्ची जाणार, कानातलं शहर जाणार. खिडकीबाहेर ऊन पाण्यासारखं थरथरत होतं.

"शोध तुमचा, याला पुरावा काय?" साहेब गुरगुरले.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आम्ही मेंढरं राखणारी माणसं, साहेब. तीन कळप एकाच रानात चरायचे. माझ्या बापानं हाक दिली की ऐकायचे तिन्ही, वळायचा आमचाच. अन् लांडगा आला की एका आरोळीला तिन्ही गोळा!"

"त्याचं इथं काय?"

"तुमचा सामायिक नंबर म्हणजे तीच आरोळी! सही पायजेच असंल, तर अर्जावर आधी मेंढराचा खूर उमटवून आणा!"