बाबांच्या आवाजाची सेटिंग

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली. डोकं शाबूत, कान तिखट, फक्त तोंडातून शब्द फुटेना. होडीवरून हाक मारली की ज्यांचा आवाज खाडीपलीकडे पोचायचा, ते आता उशीवर मूठ आपटायचे. मला ते बघवेना. शाळकरी मुलांसाठी सॉफ्टवेअरमध्ये चित्रांचे, बोलणारे धडे बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यातच बाबांसाठी बटणं बनवायची, मी ठरवलं. बोट ठेवलं की टॅबलेटनं बोललंच पाहिजे.

पहिल्यालाच माशी शिंकली. बटणांच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. सेटिंगमध्ये जाऊन फॉन्ट बदलला आणि शब्द आपोआप सुधारणारी नसती शहाणी सोय बंद केली. मग माझ्याच आवाजात, शुद्ध मराठीत भरलं, ‘मला पाणी हवे आहे.’ बाबांनी एकदा दाबलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“असा कधी बोलले गो ते?” आई म्हणाली.

रागच आला मला. पण खरं होतं. आई मसुऱ्याला माहेरी गेली की बाबा तिला फोनवर आवाज रेकॉर्ड करून निरोप धाडायचे. ते तिनं जपून ठेवले होते. ऐकताना रडू आलं ते आलंच. त्यातूनच एकेक वाक्य कापून बटणं केली. एक निरोप मात्र, ती कुठे राहिली म्हणून, नुसता खेकसण्याचा. डॉक्टरांनी सौम्य शब्द घ्या म्हणून सांगितलं होतं. म्हटलं, खड्ड्यात गेलं सौम्य! त्या बटणावर आईचा फोटो लावला.

पब्लिश केलं, म्हणजे टॅबलेटवर चालणारी फाइल काढली, तर बाबांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. फाइल लहान व्हावी म्हणून सॉफ्टवेअर आवाज दाबून टाकत होतं. पब्लिशच्या सेटिंगमध्ये ते दाबणं काढलं, तर फाइल फुगली आणि जुना टॅबलेट अडकायला लागला. मग मी चित्रं पुसट केली, शोभेला घातलेले पोहणारे मासे काढून टाकले. रंग गेले तर जाऊ देत, बाबांच्या आवाजाला हात लावणार नव्हते. पुन्हा पब्लिश, पुन्हा ऐकणं, पुन्हा सेटिंग. शेवटी त्यांची ती घोगरी खरखर जशीच्या तशी आली.

दुपारी आई आत बांगडे तळत होती. टॅबलेट मी बाबांच्या चालत्या हाताशी ठेवला. त्यांनी आईच्या फोटोकडे बघितलं. मग बोट टेकवलं.

“खंय मेलंस गो?”

“मरतंय कित्याक? हयंच आसंय मां!” आई सवयीनं आतून ओरडली, आणि लगेच तिच्या हातातलं उलथनं खाली पडल्याचा आवाज आला.