दोन रिंगांचा फोन

आमच्या घरचा लँडलाइन फोन गेला तो विकासकामात. कांजूरमार्गला आमच्या इमारतीसमोर कोणीतरी खणलं, तार तुटली, खड्डा बुजवला, वर पेव्हर ब्लॉक बसवले आणि शेजारी फलक लावला. फलकावर तीन माणसांचे हसरे फोटो होते. तारेचा उल्लेख नव्हता. तक्रार नोंदवायला गेलो तर समोरचा माणूस खऱ्याखुऱ्या कुतूहलाने म्हणाला, "साहेब, लँडलाइन वापरतं कोण आता?"

आई वापरत होती. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेलीय. दारात कोणी उभं आहे एवढं कळतं, आकडे दिसत नाहीत. पण तो बटणांचा जुना फोन तिच्या बोटांना पाठ होता. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, त्यावरून बाकीची बटणं शोधत ती वाकोल्याला राहणाऱ्या माझ्या मावशीचा नंबर लावायची. कोणालाही न विचारता. तार तुटली तेव्हा नेमकं हेच तुटलं.

मोबाइल तिच्या लेखी एक गुळगुळीत काच. बटणांचा साधा मोबाइल आणला, तर त्याची बटणं इतकी चिकटून की एका बोटाखाली दोन यायची. मावशीला फोन लागायच्या ऐवजी टॉर्च लागायचा, आणि जिला दिसत नाही तिच्या उशाशी दिवसभर उजेड. मग आम्हीच विचारायला लागलो, "आई, मावशीला लावून देऊ?" ती म्हणायची, "नको, तू कामात आहेस." काही आठवड्यांत तिने मागणंच सोडलं. मावशीकडून व्हिडिओ कॉल यायचा, त्यात त्यांचं अख्खं घर डोकावून हात हलवायचं. आई फोनच्या भलत्याच बाजूला तोंड करून हसायची.

अशात मला ती डबी सापडली. साबणाच्या वडीएवढी. तिच्यात एकीकडे राउटरची वायर घालायची, दुसरीकडे आपला जुना फोन. अशी एकेक डबी दोन्ही घरी बसवली की इंटरनेटवरून आपसात फुकट बोला. खोक्यावर 'संवादाच्या नव्या युगात स्वागत' असं लिहिलं होतं. आतल्या पुस्तिकेत स्वागत एवढंच होतं, पुढचं आपलं आपण बघायचं. खातं, पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता असले रकाने मी दोन शनिवार भरत बसलो, एक मावशीकडे, एक आमच्याकडे. डबीवरचा लाल दिवा माझ्याकडे बघून लुकलुकत राहिला.

तो हिरवा झाला तेव्हा नवीच अडचण समोर आली. मावशीच्या नव्या खात्याचा नंबर भलताच लांबलचक होता आणि आईच्या बोटांना जुनाच येत होता. सेटिंगच्या एका कोपऱ्यात 'डायल प्लॅन' नावाचा रकाना असतो. त्यात अमुक आकडे दाबले तर तमुक समजावं, असं डबीला सांगता येतं. मी सांगितलं. आई जुना नंबर दाबणार, डबी तो गुपचूप नव्यात बदलणार. आयुष्यात मी केलेल्या मोजक्या हुशार कामांपैकी हे एक, आणि ते कोणाला समजावून सांगायची सोय नाही.

उद्घाटनाच्या फलकांना आयुष्यभर हसलो, पण त्या दिवशी मीही सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. दोन शब्द बोललो. माझ्या अंदाजाने दोन, बायकोच्या मते बरेच. आईने नंबर दाबला. पलीकडे मावशी "हॅलो" म्हणाली. आई म्हणाली, "लागता गो. ठेवतंय." आणि ठेवला. आई आमच्याशी मराठीत बोलते, बहिणीशी मालवणीत, आणि उद्घाटनाला दोन्हीतलं कमीत कमी खर्च करते.

त्यानंतर घोटाळा सुरू झाला. सकाळी आईच्या खोलीत फोन वाजायचा, दोन रिंगा व्हायच्या आणि बंद. रोज. मी धावत पोचेपर्यंत सामसूम.

"आई, फोन कट झाला ना?"

"झाला की."

"रोज होतो?"

"रोज होतो."

"मग सांगत का नाहीस?"

"काय सांगू? चांगला चाललाय फोन."

मला वाटलं, माझं मन राखतेय. मी सेटिंगमध्ये शिरलो. बायको म्हणाली, "ती चांगला चाललाय म्हणतेय ना? मग हात लावू नकोस रे." पण दोन रिंगांत कट होणारा फोन चांगला कसा असेल? कंपनीच्या मदतकेंद्राने डबी बंद करून चालू करायला लावली, मग मला थांबायला सांगून संगीत ऐकवलं. शेवटी मी डबीतली प्रणालीच नवी करून टाकली. दिवा हिरवा दिसला आणि मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी घरूनच काम होतं. कानाला हेडफोन, मोबाइल मुका, मीटिंगमध्ये आमचे वरिष्ठ 'प्रवासा'बद्दल बोलत होते, अर्थात कंपनीच्या. दाराची बेल तिसऱ्यांदा वाजली तेव्हा उठलो. दारात मावशी. घरातल्याच साडीवर, केस न विंचरलेले, एका हातात चष्मा. वाकोल्याहून थेट रिक्षा करून आली होती. ही बाई भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या चार काड्यांवरून वाद घालते. खाली रिक्षा तशीच उभी होती, मीटर चालू ठेवून.

"ती खय असा? बरी असा मां?"

मला बाजूला सारून ती आत गेली. आई पलंगावर फोन मांडीवर घेऊन बसली होती. चहा तसाच, साय धरलेला.

"कोण ता? तू?"

"तुझी रिंग कित्याक येवक नाय गो?"

"फोन मेलोहा."

"माका वाटला तूच गेलंस!"

"मी खय जातंय?" असं म्हणून आई हसायला लागली. मग मावशी रडायला लागली, मग दोघी उलटसुलट. मी खाली जाऊन रिक्षावाल्याला मोकळं केलं. मोबाइल बघितला, तर त्यावर मावशीचे कॉल रांगेने पडले होते.

वर आल्यावर माझा जबाब घेण्यात आला. तेव्हा कळलं ते असं. लग्न होऊन दोघी दोन उपनगरांत गेल्या, पुढे दोन्ही घरी फोन आले, तेव्हा उचलला की बिल पडायचं. नुसता वाजला तर नाही. म्हणून मावशीने सकाळी दोन रिंगा द्यायच्या, आईने दोन परत करायच्या. दोन म्हणजे मी बरी आहे. तिसरी वाजली तर उचलायचा, बोलण्यासारखं काहीतरी आहे. तार तुटेपर्यंत हे अखंड चालू होतं, मी कधी लक्ष दिलं नव्हतं एवढंच, आणि माझ्या डबीने ते पुन्हा चालू केलं होतं. मी ते दुरुस्त करायला निघालो होतो.

"पण मावशी, आता फुकट आहे ना! हवं तेवढं बोला."

"बोलूचा असला तर बोलतव. रोज काय बोलूचा, मेल्या?"

दोघी आत बसल्या आणि मी डबीसमोर. नव्या प्रणालीने माझं सगळं लिहिलेलं पुसलं होतं, डायल प्लॅनसकट. आता हिरवा दिवाही नुसता वीज आहे एवढंच सांगत होता, लाल व्हायचं तो नव्या प्रणालीत विसरला होता. पुन्हा एकेक रकाना भरला. या वेळी कंटाळा आला नाही. आतून बांगडा तळल्याचा वास येत होता आणि दोघी मिळून माझ्या लहानपणच्या मूर्खपणाचे दाखले काढत होत्या. मावशीच्या मते मी घड्याळही असंच दुरुस्त केलं होतं.

संध्याकाळी मी मावशीला रिक्षात बसवून दिलं. अंधार पडल्यावर आईच्या खोलीत फोन वाजला. मी शेजारीच होतो, सवयीने हात पुढे गेला.

"उचलू नकोस," आई म्हणाली.

दुसरी रिंग झाली. फोन थांबला.

"पोचली," आई म्हणाली. मग तिने फोन जवळ ओढला, पाचाचं बटण चाचपलं आणि जुना नंबर लावायला घेतला. मला काही विचारलं नाही. मी दिवा न लावताच बाहेर आलो.