पासवर्ड म्हणजेच सही?

मंडळी, मला शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी पूर्ण वाचा.

सोमवारी बेलापूरच्या एका चर्चासत्रात मी ठणकावून सांगितलं की पुराव्याच्या नव्या कायद्यात पासवर्ड म्हणजेच सही धरा. ज्याच्या खात्यावरून ई-मेल गेला, त्यानंच तो लिहिला, विषय संपला. वर्गातही आठवडाभर हेच शिकवलं.

आज दुपारी आमच्या लॉ कॉलेजच्या शिस्त समितीपुढे जवळच्या दिवाळे गावची एक विद्यार्थिनी उभी होती. तिच्या खात्यावरून प्राचार्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तिला काढून टाकायच्या ठरावावर समितीतल्या इतर दोघांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त माझी राहिली होती.

"मी नाय पाठवला, सर."

"पासवर्ड तुझाच ना?"

"ऑफिसच्या वहीत सगल्यांचे पासवर्ड लिवलेत. तुमचा पन हाय. तुमचे मेल कोन टाइप करतं, सर?"

माझे मेल ऑफिसातल्या सावंतबाई टाइप करतात. मी नुसता तोंडी सांगतो.

मी सही केली नाही. प्राचार्य म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत करा, नाहीतर तुमच्याशिवाय होईल."

हा मजकूरही सावंतबाईच टाइप करतायत. ती वही त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असते, हे वाक्य मी सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग टाइप केलं.

केलं असावं. हे मीच लिहिलंय, हे तुम्ही कशावरून मानणार?